पेट स्कॅनमध्ये अनपेक्षित दिसलेला ठिपका: पसरलेला कॅन्सर, दुसरा कॅन्सर की आणखी काही?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील ६२ वर्षांचे, निम्मं आयुष्य तंबाखू-चुन्यात गेलेलं. उजव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर आहे, हे बायोप्सीत ठरलं. ऑपरेशनआधी पेट स्कॅन झाला. त्यात गाल आणि मानेतली एक गाठ दिसणार हे माहीतच होतं. पण रिपोर्टमध्ये आणखी तीन जागा निघाल्या: मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात एक ठळक ठिपका, एसयूव्ही (तिथे औषध किती जमलं त्याचा आकडा) ११, थायरॉइडच्या डाव्या बाजूला लहान गाठ, एसयूव्ही ६, आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना काही लिम्फ नोड, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लसिका-गाठी. रिपोर्ट वाचून एक डॉक्टर म्हणाले, "पसरलेला दिसतोय." सर्जन म्हणाले, "आधी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करू, मग बोलू." आता तुम्ही विचारताय की ही चौथी स्टेज का, गालाचं ऑपरेशन लांबवायचं का, आणि तुम्ही व आईनेही एकदा 'फुल बॉडी' स्कॅन करून घ्यावा का. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही, हेही तुम्ही शेवटी लिहिलंय.

मी न्यूक्लियर मेडिसिनचा डॉक्टर आहे. हे ठिपके वाचणं हेच माझं रोजचं काम, वीसेक वर्षं झाली. तुमच्या वडिलांचा स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण अशा रिपोर्टकडे आम्ही कसं बघतो ते सांगू शकतो. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: तुमचे सर्जन योग्य दिशेने चाललेत.

तुमच्या मनात 'पसरलाय की नाही' एवढा एकच प्रश्न आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठिपक्याला तीन उत्तरं असू शकतात. एक, पहिल्याच कॅन्सरची शाखा, म्हणजे मेटास्टॅसिस. दोन, पहिल्याशी संबंध नसलेला स्वतंत्र कॅन्सर, ज्याला आम्ही सेकंड प्रायमरी म्हणतो. तीन, कॅन्सर नसलेलं काहीतरी: जुनी टीबी, सूज, साधी गाठ, पॉलिप, किंवा नुसतीच आतड्याची हालचाल. आपल्याकडे तिसऱ्या उत्तराची गर्दी सगळ्यात मोठी असते आणि घाबरलेल्या घरात नेमकं तेच कुणाला सुचत नाही.

स्कॅनमध्ये मुळात काय दिसतं ते आधी बघू. शिरेतून जे औषध दिलं ते ग्लुकोजचंच एक रूप, त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. म्हणून ज्या शहरात सायक्लोट्रॉन, म्हणजे असे अणू बनवणारं यंत्र, नाही तिथे हे औषध पहाटे दुसऱ्या शहरातून गाडीने येतं आणि तुम्हाला सकाळी सातला उपाशीपोटी बोलावतात. (देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झाला. त्याआधी हा स्कॅन आपल्याकडे नव्हताच.) कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच पाहिलं होतं. पण साखर ओढणारं सगळं कॅन्सर नसतं. मेंदू ओढतो, हृदय ओढतं, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर फारच ओढतात. यंत्राला 'इथे साखर जास्त जाते आहे' एवढंच कळतं. का जाते आहे, ते त्याला कळत नाही.

एसयूव्हीच्या आकड्याचंही असंच. ११ याचा अर्थ, औषध सगळ्या अंगात सारखं पसरलं असतं तर जेवढं असतं त्याच्या अकरा पट तिथे जमलंय. बस. अडीचच्या वर गेलं की कॅन्सर, ही समजूत मी रुग्णांकडून ऐकतो आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही. टीबीच्या गाठीत पंधरा आलेलं मी अनेकदा पाहिलंय आणि खऱ्या कॅन्सरमध्ये दोनसुद्धा. रक्तातली साखर, वजन, इंजेक्शननंतर किती वेळाने स्कॅन घेतला, या सगळ्यावर तो आकडा हलतो.

मग आकड्यावर नाही तर ठरवायचं कशावर? मी आधी बघतो ते हे, की पहिल्या कॅन्सरच्या वाटा कुठल्या. प्रत्येक कॅन्सरची पसरायची एक रीत असते. गालाचा कॅन्सर आधी मानेतल्या लिम्फ नोडमध्ये उतरतो, तिथून पुढे गेलाच तर बहुतेक वेळा फुप्फुसात, कधी हाडात, कधी यकृतात. मान आणि फुप्फुसं सोडून तो थेट सिग्मॉइडच्या आतल्या अस्तरावर एकच ठिपका होऊन बसावा, हे अगदीच विरळा. म्हणून आतड्यातला तो एकटा, ठळक ठिपका मी 'पसरलेला' या रकान्यात टाकणार नाही. तो स्वतंत्र काहीतरी आहे असं धरूनच तपासायचा.

आता आतड्याबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. आतडं पेटवर नेहमीच थोडंफार चमकतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं तर अख्खं आतडं उजळून निघतं, इतकं की आतला खरा ठिपका झाकला जावा. म्हणून काही केंद्रं स्कॅनआधी दोन दिवस ती गोळी थांबवायला सांगतात. वडील शुगरची गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय, तर ती कोणती आणि थांबवली होती का, ते बघा. पण मेटफॉर्मिनचा उजाळा लांबच लांब, नळीसारखा पसरलेला असतो. एकाच जागी गोळीएवढा ठळक ठिपका, आणि सीटीत त्याच जागी भिंत जाड, असं असेल तर कोलोनोस्कोपीला पर्याय नाही. अशा ठिपक्यांमध्ये दुर्बिणीने पाहिलं तर निम्म्याहून अधिक वेळा काहीतरी खरं सापडतं: बहुतेकदा अ‍ॅडिनोमा जातीचा पॉलिप, काही वेळा कॅन्सर. अ‍ॅडिनोमा म्हणजे पुढच्या काही वर्षांत कॅन्सर होऊ शकेल अशी गाठ, आणि ती बहुतेक वेळा त्याच बैठकीत दुर्बिणीतून काढून टाकता येते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत गालाच्या निमित्ताने आतड्यातलं एक संकट वेळेआधी हाती लागलं, असंही होऊ शकतं.

कोलोनोस्कोपी ठिपक्यापर्यंत जाऊन परत येणारी नको. सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण हवी, कारण चपटे किंवा लहान पॉलिप पेटला दिसत नाहीत. आणि एक गोष्ट जी बरेचदा राहून जाते. वर्षानुवर्षं तंबाखू खाल्लेल्या, त्यातून गालात गाठ असलेल्या माणसाचं तोंड पूर्ण उघडत नाही. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत असे रुग्ण आम्ही रोज बघतो. कोलोनोस्कोपीला गुंगीचं औषध देतात. गुंगीत श्वास अडखळला तर घशात नळी घालायची वेळ येते आणि तोंडच उघडत नसेल तर पंचाईत होते. आतड्याचा डॉक्टर तोंडात बघत नाही, तो त्याच्या टोकाला काम करतो! तेव्हा भूलतज्ज्ञाला आधीच सांगा की तोंड किती बोटं उघडतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, नाहीतर पॉलिप दिसूनही काढता येणार नाही.

थायरॉइडकडे येऊ. दुसऱ्याच कारणाने केलेल्या शंभर पेट स्कॅनमध्ये एक-दोघांच्या थायरॉइडमध्ये असा एकटा ठिपका दिसतोच. त्यांतल्या साधारण एक-तृतीयांशात कॅन्सर निघतो, बाकीच्या साध्या गाठी. एक-तृतीयांश म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही, म्हणून मानेची सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास सुईची तपासणी करायची. पूर्ण थायरॉइड सारखंच उजळलं असतं तर ती बहुधा जुनी सूज असते. तिथे सुई टोचत नाहीत, टीएसएच वगैरे रक्ततपासणी करतात. पण थायरॉइडचा लहानसा पॅपिलरी कॅन्सर निघाला तरी तो गालाच्या कॅन्सरपुढे रांगेत बराच मागे उभा राहतो. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून असे एक सेंटिमीटरच्या आतले, कमी धोक्याचे थायरॉइड कॅन्सर लगेच न कापता नुसतं लक्ष ठेवायची पद्धत सुरू केली. त्यातले बहुतेक वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. तरी तपास ऑपरेशनच्या आधीच का करून घ्यायचा? कारण गालाबरोबर मानेतल्या गाठीही काढणार आहेत. सर्जन मान उघडणारच आहे. थायरॉइडमध्ये काय आहे हे त्याला आधी माहीत असेल तर ते काम त्याच वेळी करायचं की नाही, हा निर्णय शांतपणे होतो. नंतर रेडिएशन दिलेली मान पुन्हा उघडणं हे कुठल्याही सर्जनला नको असतं.

छातीतले लिम्फ नोड. इथे मी सर्वांत कमी घाबरतो, आणि माझ्या हातून सर्वांत मोठी चूकही याच छातीत झाली, म्हणून ती सांगतो. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका शिक्षिकेला स्तनाचा कॅन्सर होता, फुप्फुसाच्या वरच्या भागात एक गाठ झळकत होती, एसयूव्ही नऊच्या आसपास. मी रिपोर्टमध्ये सरळ 'मेटास्टॅसिस' लिहून मोकळा झालो. त्या एका शब्दाने त्यांची स्टेज बदलली. ऑपरेशन रद्द झालं, 'आता बरं होणं नाही, आटोक्यात ठेवू' अशा केमोची तारीख पडली. सुदैवाने छातीच्या एका जुन्या डॉक्टरांना वरच्या भागातली ती जागा खटकली. त्यांनी हट्टाने तुकडा काढायला लावला. टीबी निघाली. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली, गाठ विरली, आणि बाईंचं ऑपरेशन जसं व्हायचं तसं झालं. ते डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "तुम्ही जे पाहिलंत ते लिहा. जे वाटलं ते वेगळ्या ओळीत लिहा." तेव्हापासून मी तसंच करतो.

छातीच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना, आरशात बघावं तसे सारखे चमकणारे नोड आपल्या लोकांत फार दिसतात. टीबी होऊन गेलेली, चुलीचा धूर, खाणीतली किंवा दगड फोडायच्या कामातली धूळ, कधी सार्कॉइड नावाचा, कॅन्सर नसलेला सुजेचा आजार. गालाचा कॅन्सर मानेत एकाच गाठीपुरता असताना छातीत असा दोन्हीकडे सममित उतरणं त्याच्या रीतीत बसत नाही. पण बसत नाही म्हणून सोडून द्यायचं असंही नाही. नोड मोठे असतील, एकाच बाजूला असतील, किंवा त्यांच्यावर ऑपरेशनचा निर्णय फिरणार असेल, तर श्वासनलिकेतून दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने नमुना घेतात. त्याला ईबस म्हणतात. लहान आणि सारखे असतील तर बरेच सर्जन पुढे जातात आणि नंतरच्या स्कॅनवर लक्ष ठेवतात. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि हे मी अंगाबाहेर टाकायला म्हणत नाही. नोडचा आकार आणि आकृती पाहिल्याशिवाय कुणीही याहून ठाम बोलू नये.

आता तुमचा मुख्य प्रश्न: चौथी स्टेज का? जोवर या जागांमधून तुकडा येत नाही तोवर त्यांच्या भरवशावर कुणीही फाइलवर स्टेज चार लिहू नये. हा आकडा एकदा लिहिला गेला की पुसता पुसत नाही, पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच वाचून पुढे जातो. आणि समजा आतड्यात खरोखर कॅन्सर निघाला, तरी तो दुसरा, स्वतंत्र कॅन्सर. त्याची स्टेज वेगळी, गालाची वेगळी. गालाची तिसरी आणि आतड्याची पहिली यांची बेरीज चौथी होत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरे करण्याच्या इराद्याने हाताळता येतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण 'पसरलाय' यापेक्षा 'दुसरा निघालाय' ही बातमी बरेचदा पुष्कळ बरी असते. माझ्याकडे नातेवाईक 'दोन-दोन कॅन्सर' म्हणून रडत येतात, आणि मला त्यांना सांगावं लागतं की काल तुम्हाला जे वाटत होतं त्यापेक्षा हे चांगलं आहे.

दोन कॅन्सर एकाच माणसाला, ही गोष्ट तशी जुनी. शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून वॉरन आणि गेट्स या दोघांनी १९३२ मध्ये त्याचे निकष मांडले, ते आजही वापरतात: दोन्ही गाठी निर्विवाद कॅन्सर असाव्यात, दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात, आणि एक दुसरीची शाखा असल्याची शक्यता बाद झालेली असावी. तिसरी अट सगळ्यात अवघड. तुमच्या वडिलांत ती तुलनेने सोपी आहे, कारण गालाचा कॅन्सर स्क्वॅमस जातीचा असतो आणि आतड्याचा बहुतेक वेळा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन वेगळे चेहरे. पण हाच ठिपका फुप्फुसात एकटा असता आणि तिथेही स्क्वॅमसच निघाला असता, तर पॅथॉलॉजिस्टही हात टेकतो. अशा वेळी अनेक ट्यूमर बोर्ड, म्हणजे एकत्र बसून निर्णय घेणारे वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर, संशयाचा फायदा रुग्णाला देतात आणि एकट्या गाठीला नवा कॅन्सर धरून काढून टाकतात.

तंबाखूवाल्यांना तर आम्ही दुसऱ्या कॅन्सरच्या शोधातच असतो. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या कडेचं, वरून चांगलं दिसणारं अस्तर तपासलं आणि तेही बिघडलेलं आढळलं. विष एका जागी पडत नाही, सगळ्या शेतावर फवारलं जातं, एका जागी आधी उगवतं इतकंच. म्हणून गालाच्या रुग्णाचा स्कॅन वाचताना माझी नजर जीभ, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसांवर जास्त रेंगाळते. वडिलांच्या रिपोर्टमध्ये अन्ननलिका स्वच्छ आहे असं तुम्ही लिहिलंय, ही चांगली गोष्ट. पण पेटवर स्वच्छ म्हणजे तिथे काहीच नाही असं नव्हे. वरवरचा, पातळ कॅन्सर पेटला दिसत नाही. तोंडाच्या सर्जनने ऑपरेशनच्या वेळी घसा डोळ्यांनी बघून घ्यायला हवा, आणि बहुतेक जण बघतातच.

एकूण बघता पेटमध्ये अनपेक्षितपणे दुसरा कॅन्सर खरोखर सिद्ध होण्याचं प्रमाण शंभर रुग्णांत एक-दोन इतकं. संशय मात्र त्याच्या कितीतरी पट लोकांत व्यक्त होतो. म्हणजे रिपोर्टमधल्या अनपेक्षित ओळींपैकी बहुतेक ओळी पुढे विरून जातात. कानासमोरच्या लाळग्रंथीत झळकणारी गाठ हे त्याचं नेहमीचं उदाहरण: विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत ती बहुधा वॉर्थिन नावाची निरुपद्रवी गाठ निघते, आणि एसयूव्ही मात्र कॅन्सरला लाजवेल असा. २०२१ मध्ये कोविडच्या लशीनंतर काखेतले नोड इतके चमकायचे की आम्ही प्रत्येकाला आधी 'लस कोणत्या हातावर घेतली' हे विचारत होतो. प्रोस्टेटसाठी जो पीएसएमए पेट करतात त्याचंही तसंच, त्यात मूत्रपिंडाचा कॅन्सर अवचित सापडलेला मी पाहिलाय आणि बरगडीतला निरर्थक ठिपका तर आठवड्यातून एकदा.

आमच्या रिपोर्टमधल्या 'क्लिनिकली कोरिलेट करा' या ओळीची लोक थट्टा करतात. हात झटकण्यासाठी ती वापरली जाते हे मला मान्य आहे. पण खरा अर्थ असा की ठिपक्याचा पाठपुरावा करायचा की नाही हे ठिपक्यावर ठरत नाही, माणसावर ठरतं. एका ८४ वर्षांच्या आजींना पित्ताशयाचा पसरलेला कॅन्सर होता, काही महिन्यांचा प्रश्न होता. थायरॉइडमध्ये तुमच्या वडिलांसारखाच ठिपका. मी लिहिलं, 'सध्याच्या स्थितीत याच्या तपासाची गरज नाही.' घरच्यांनी फोन करून विचारलं की चुकून तर नाही ना लिहिलं. नव्हतं लिहिलं. सुई टोचून जे कळणार होतं त्याने आजींच्या एकाही दिवसात फरक पडणार नव्हता. तुमच्या वडिलांचं उलट आहे: ६२ वय, चालते-फिरते, गालाचा कॅन्सर काढता येण्याजोगा. इथे उत्तरांनी निर्णय बदलतो, म्हणून विचारायचं.

ऑपरेशन लांबवायचं का? फार नाही. गालाचा कॅन्सर आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो, त्याला महिना-दीड महिना ताटकळत ठेवू नये. पण कोलोनोस्कोपी, मानेची सोनोग्राफी आणि सुई हे सगळं आठवड्या-दहा दिवसांत, ऑपरेशनच्या तारखेची आणि भुलेच्या फिटनेसची वाट बघत असतानाच उरकतं. एकामागून एक न करता समांतर करा. पॉलिप निघाला आणि दुर्बिणीतून गेला तर गालाचं वेळापत्रक जवळजवळ हलत नाही. आतड्यात कॅन्सर निघाला तर दोन्ही सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एका टेबलावर बसायला हवेत. आतड्याची वाट बंद होत असेल किंवा रक्त जात असेल तर तिकडे आधी. तसं काही नसेल तर बहुधा गाल आधी. 'दोन महिन्यांनी पेट पुन्हा करून बघू' असं कुणी म्हणालं तर आतड्याच्या ठिपक्यासाठी ते ऐकू नका. दुर्बिणीने जे आज बघता येतं त्याच्यासाठी स्कॅनची वाट कशाला?

आणि जिथे जाल तिथे नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. आधी कधी छातीचा सीटी झाला असेल तर तीही. पाच वर्षांपूर्वीच्या सीटीत तेच नोड तेवढेच असतील तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

आता तुमच्या आणि आईच्या स्कॅनबद्दल. नको. पैसे जातील हे एक, किरणोत्सर्ग मिळेल हे दुसरं, पण खरं कारण वेगळं आहे. ज्याला कॅन्सर नाही त्याच्या अंगात ठिपके शोधायला गेलं की ठिपके सापडतातच, आणि मग त्यांच्यामागे धावावं लागतं. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत तिथे थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या, जन्मभराची गोळी लागली, आणि वाचलं जवळजवळ कुणीच नाही. किरणोत्सर्ग नसलेल्या फुल बॉडी एमआरआयच्या जाहिराती हल्ली दिसतात, त्यांनाही हेच लागू. अपवाद आहे, पण तो फार थोड्यांचा: ली-फ्रॉमेनीसारखा आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांत दरवर्षी पूर्ण अंगाचा एमआरआय करतात, आणि तिथे तो उपयोगी पडतो.

याउलट ज्यांनी जीव वाचल्याचं मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय त्या तपासण्या दिसायला अगदीच साध्या. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या पथकाने १९९८ पासून दीड लाखाच्या आसपास बायकांवर केलेल्या अभ्यासात, व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासल्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आईंचं वय तुम्ही ५६ लिहिलंय आणि त्या मिश्री लावतात. त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होते. तुमच्यासाठी उत्तर वडिलांच्या कोलोनोस्कोपीवर ठरेल. आतड्यात कॅन्सर किंवा मोठा अ‍ॅडिनोमा निघाला तर तुम्ही चाळिशी गाठली की स्वतःची कोलोनोस्कोपी करून घ्या. कॅन्सर निघाल्यास त्या तुकड्यावर एमएमआर नावाची तपासणी करायला पॅथॉलॉजिस्टला सांगा. त्यातून लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक प्रकार आहे का याचा अंदाज येतो, आणि असेल तर तुमचं वेळापत्रक बरंच अलीकडे येईल.

राहता राहिलं वडिलांना न सांगण्याचं. तुमची अडचण समजते, माझ्याच घरात हे झालंय. पण आदल्या रात्री दोन-चार लिटर जुलाबाचं पाणी पाजून, सकाळी तोंडाच्या रुग्णाची आतड्याची तपासणी करणार, आणि त्यांना काही विचारायचं नाही, हे जमणार नाही. शिवाय एक माहिती फक्त त्यांच्याकडेच आहे. शौचाची सवय गेल्या सहा महिन्यांत बदलली का, रक्त पडतं का? आपल्याकडचे पुरुष 'मूळव्याध असेल' म्हणून हे बायकोलाही सांगत नाहीत. आज रात्री जेवणं झाली की शेजारी बसा आणि विचारा. जे उत्तर येईल ते उद्या सकाळी सर्जनच्या कानावर घाला. रक्त जातंय असं ते म्हणाले तर कोलोनोस्कोपीची तारीख पुढच्या आठवड्याऐवजी या आठवड्यातली मागा.